आजोबांच्या वह्या, ‘सोबत’चा रकाना आणि भलतेच ठोके देणारे घड्याळ

मूळ लेखन

माझे आजोबा गेले, त्याला आता एक वर्ष होत आले. ते गेले तेव्हा ९१ वर्षांचे होते आणि अखेरचे दोन महिने सोडले, तर त्यांचा हात कधी रिकामा राहिलेला आम्ही पाहिला नाही. घड्याळे दुरुस्त करणे, टपाल तिकिटे जमवणे, रात्री गच्चीवर जाऊन तारे पाहणे, काढलेले फोटो स्वतः धुणे, जुन्या पुस्तकांची बांधणी करणे आणि पत्राने बुद्धिबळ खेळणे असे त्यांचे छंद होते. यांपैकी एकातही त्यांनी नाव कमावले नाही आणि तशी त्यांची इच्छाही नव्हती. त्यांच्या वस्तू आवरताना जे हाती लागले ते कुठेतरी नोंदले जावे आणि काही गोष्टी जाणकारांकडून समजून घ्याव्यात, म्हणून हा धागा काढत आहे.

त्यांच्या कपाटात ३७ वह्या निघाल्या. प्रत्येक छंदाच्या वह्या वेगळ्या, पण सगळ्यांची आखणी एकसारखी आहे. डावीकडे तारीख, मध्ये त्या दिवशीचे काम आणि उजवीकडे एक अरुंद रकाना, ज्याच्या डोक्यावर ‘सोबत’ असे लिहिलेले आहे. या रकान्यात नावे नाहीत, फक्त ‘थोरला’, ‘मधली’, ‘धाकटी’ आणि ‘ही’ एवढेच शब्द आहेत. ‘ही’ म्हणजे आमची आजी आणि मधली म्हणजे मी. ज्या दिवशी सोबत कोणीच नव्हते, त्या दिवशी तिथे आडवी रेघ मारलेली आहे. घड्याळांच्या एका अख्ख्या वहीतल्या अशा रेघा मी मोजल्या, तर त्या अकरा भरल्या.

लहानपणी आमची अशी समजूत होती की आजोबा आपल्या कामात गढलेले असतात आणि आपण मध्ये मध्ये लुडबुड करतो. वहीत मात्र एके ठिकाणी असे आहे: “भिंतीवरचे घड्याळ उघडायचे होते. मधलीला शाळेतून यायला उशीर झाला, म्हणून थांबलो.” ही नोंद वाचल्यावर मी ती वही काही दिवस मिटून ठेवली होती.

घड्याळाच्या कामाला बसताना ते टेबलावर आधी पांढरे सुती कापड अंथरत, कारण त्यावर स्क्रू पडला तर उडत नाही आणि लगेच दिसतो. शेजारी एक कागद असे. त्यावर घड्याळाच्या पाठीचे ढोबळ चित्र काढायचे आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रात जिथल्या तिथे ठेवायचा, हे काम माझ्याकडे होते. घड्याळ पुन्हा भिंतीवर चढले की खरी परीक्षा सुरू होई. लंबकाचा ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांमधला वेळ दोन्ही बाजूंना सारखा असावा लागतो. तो सारखा नसेल, तर लंबकाला कितीही झोका द्या, घड्याळ थोड्या वेळाने थांबतेच. आजोबा डोळे मिटून ऐकत आणि घड्याळाची पेटी केसभर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवत. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले. तेव्हा ते पेटीच्या लाकडावर मधले बोट टेकवून ठेवत, माझेही बोट शेजारी ठेवायला लावत आणि विचारत, “अगं, सारखं लागतंय का गं?” बोटाला तो ठोका इतका स्पष्ट जाणवतो, हे मला तोवर माहीत नव्हते.

तिकिटांच्या वेळी ते आम्हाला कोडी घालत. ‘हेल्वेशिया’ आणि ‘सुओमी’ हे देश नकाशात शोधा, असे सांगून ते मोकळे होत आणि आम्ही नकाशा पालथा घालत असू. पुष्कळ वेळाने कळे की पहिला स्वित्झर्लंड आणि दुसरा फिनलंड. ज्या तिकिटावर देशाचे नावच नाही ते कोणाचे, हे कोडे मला दोन दिवस सुटले नव्हते. जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट ब्रिटनने १८४० मध्ये काढले. तेव्हा दुसऱ्या कोणाची तिकिटेच नसल्याने नाव छापण्याचे कारण नव्हते आणि आजही ब्रिटनच्या तिकिटावर देशाचे नाव नसते, फक्त राजाचे किंवा राणीचे चित्र असते.

माझा सगळ्यात आवडता भाग गच्चीचा होता. तिमिंगल तारकासमूहात मीरा नावाचा एक तारा आहे. तो कधी नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो, तर कधी दुर्बिणीशिवाय सापडतच नाही. १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिसियस यांनी तो पाहिला आणि काही आठवड्यांनी तो मंद होत गेल्याचे नोंदवले. आजोबांनी ४० वर्षे या एका ताऱ्याची वही ठेवली होती. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहून तो किती तेजस्वी आहे, हे ते आधी आम्हाला ठरवायला सांगत आणि आमचा आकडा वहीत उतरवल्यावर मगच स्वतःचा शेजारी लिहीत. आमचा चुकलेला आकडा त्यांनी कधीही खोडला नाही.

आता दोन प्रश्न विचारते. मीराच्या वहीत मध्ये सलग तीन वर्षे “यंदा नाही” एवढीच नोंद आहे. त्या काळात ते आजारी होते की काही दुःखात होते, हे घरात कोणालाच आठवत नाही.

दुसरा प्रश्न त्यांच्या मोठ्या लंबकाच्या घड्याळाचा आहे. त्याला चावीची दोन भोके आहेत. आजोबा दर रविवारी एकाच भोकात चावी देत आणि दुसऱ्याला हात लावत नसत, त्यामुळे गेली कित्येक वर्षे घड्याळ चालत असे, पण वाजत नसे. मागच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या भोकातही चावी दिली. संध्याकाळी पाच वाजता घड्याळाने अकरा ठोके दिले. घरातले सगळे स्तब्ध झाले आणि मी घाबरून लंबक थांबवला. आमच्या हातून काही मोडले असेल का?

प्रतिसाद १

तुमच्या आजोबांना विनम्र आदरांजली. माझे आजोबा बांधणीचे काम करत. त्यांनी शिवलेली पुस्तके आजही पूर्ण सपाट उघडतात, नुसती चिकटवलेली तशी उघडत नाहीत. ‘सोबत’चा रकाना वाचून मला त्यांची सुई आणि मेण लावलेला दोरा आठवला, कारण दोऱ्याला मेण लावण्याचे काम माझे असे. आता वाटते की ते काम त्यांना एकट्याला सहज जमले असते.

प्रतिसाद २

मी गेली अनेक वर्षे जुनी घड्याळे दुरुस्त करतो. ताई, आधी निश्चिंत व्हा, काहीही मोडलेले नाही.

ठोके देणाऱ्या जुन्या घड्याळांमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक काटे फिरवते आणि दुसरी ठोके देते. प्रत्येकीची स्प्रिंग वेगळी, म्हणून भोकेही दोन. ठोके मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत तासकाट्याबरोबर एक पायऱ्यापायऱ्यांची चकती फिरते, त्यामुळे काटे जिथे असतील तितकेच ठोके पडतात. दुसऱ्या, अधिक जुन्या पद्धतीत एक चाक असते आणि त्याच्या कडेवर वाढत्या अंतराने खाचा पाडलेल्या असतात. यंत्रणा एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत जाते आणि तेवढ्यात आधी एक, मग दोन, मग तीन, असे बारापर्यंत ठोके पडतात. चाकाच्या एका पूर्ण फेरीत ७८ ठोके होतात. या चाकाला काटे कुठे आहेत याचा पत्ता नसतो. त्याला फक्त आपण मागच्या वेळी कुठे थांबलो एवढेच माहीत असते.

तुमचे घड्याळ या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याने पाचला अकरा वाजवले, याचा अर्थ आजोबांनी ठोके बंद केले त्याआधी त्याने शेवटचे दहा वाजवले होते. इतकी वर्षे ते त्याच खाचेत उभे होते.

एक सूचना आग्रहाने करतो. इतका काळ बंद असलेल्या बाजूचे तेल सुकून चिकट झालेले असणार, म्हणून तिला पुन्हा चावी देण्याआधी घड्याळ उघडून साफ करून घ्यावे. घरात मिळणारे फवाऱ्याचे तेल कोणी मारायला सांगितले, तरी कृपया मारू नका. ते पसरते, त्यावर धूळ बसते आणि त्या चिखलाने चाकांच्या आसाची भोके झिजतात.

ठोके जुळवणे सोपे आहे. आत एक बारीक तार किंवा तरफ असते. ती बोटाने उचलून सोडली की घड्याळ क्रमाने पुढचा आकडा वाजवते. काट्यांशी जुळेपर्यंत हेच करत जायचे.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मीही बदलत्या ताऱ्यांची निरीक्षणे करतो. त्या तीन वर्षांत आजोबांना काहीही झालेले नसावे.

मीरा सुमारे ३३२ दिवसांनी पुन्हा तेजस्वी होतो. आपले वर्ष ३६५ दिवसांचे, म्हणून त्याच्या उजळण्याची वेळ दर वर्षी साधारण एक महिना अलीकडे येते. एप्रिलच्या अखेरीस सूर्य आकाशाच्या त्याच भागात असतो, त्यामुळे त्याच्या आगेमागे तारा उजळला, तर तो सूर्याच्या प्रकाशात बुडतो आणि कोणालाच दिसत नाही. दर अकरा वर्षांनी असा सलग काही वर्षांचा काळ येतो. आजोबांना हे गणित ठाऊक असणार. म्हणूनच ‘दिसला नाही’ असे न लिहिता त्यांनी ‘यंदा नाही’ असे लिहिले आहे. वहीत अकरा वर्षे मागे आणि अकरा वर्षे पुढे पाहा, तशाच नोंदी सापडतील असा माझा अंदाज आहे.

आजोबांना ऐकू येत नव्हते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून आणखी एक विचारतो. वह्यांमध्ये ययाती समूहातल्या अल्गोल ताऱ्याचा उल्लेख आहे का? तो २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी ठरल्याप्रमाणे मंद होतो. हा काळ इंग्लंडच्या जॉन गुडरिक यांनी १७८३ मध्ये मोजून प्रसिद्ध केला. गुडरिक लहानपणापासून बहिरे होते, त्या वेळी ते १८ वर्षांचे होते आणि २१ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

मूळ लेखिका

तिघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले.

मीराची वही उघडली. आधी आणि नंतर, दोन्हीकडे साधारण अकरा वर्षांच्या अंतरावर “यंदा नाही” अशा नोंदी ओळीने सापडल्या. एका ठिकाणी तर “यंदा नाही” याच्यापुढेही ‘सोबत’च्या रकान्यात ‘धाकटी’ असे आहे. धाकटीला विचारले, तेव्हा तिला आठवले की तारा दिसणार नाही हे माहीत असूनही आजोबा तिला गच्चीवर घेऊन गेले होते आणि तो कुठे असायला हवा होता ती जागा त्यांनी हाताने दाखवली होती.

गुडरिक यांचा उल्लेख आहे. अल्गोलच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षे, १७६४ आणि १७८६, एवढेच लिहिले आहे. ही वही आजोबांनी कानाचे यंत्र घ्यावे लागले त्या वर्षी सुरू केलेली दिसते. आम्ही त्यांच्या बहिरेपणाबद्दल हळहळत होतो, तेव्हा ते काय वाचत होते आणि कशाला धरून उभे होते, याचा आम्हाला पत्ताही नव्हता.

घड्याळाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल. ‘शेवटचे दहा’ हे वाचल्यावर मी घड्याळांच्या वह्या मागे मागे चाळत गेले आणि १४ वर्षांपूर्वीची ही नोंद सापडली: “ठोक्यांची स्प्रिंग उतरवली. रात्रीचे दहा होऊन गेले. हिला आत्ताच झोप लागली आहे.” तेव्हा आजीचा आजार सुरू झाला होता. ती रात्र रात्र जागी असे आणि पहाटे कुठे डोळा लागलाच, तर ठोक्यांनी दचकून उठे. आम्हाला वाटत होते की घड्याळाचा वाजण्याचा भाग बिघडला आहे आणि आजोबांना तो दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. हातात अवजारे असलेल्या माणसाकडे इतकी वर्षे एक घड्याळ बिघडलेले कसे राहील, हा प्रश्न आम्हा कोणाच्या मनात आला नाही, याची मला आज फार खंत वाटते.

त्या नोंदीपुढे ‘सोबत’च्या रकान्यात ‘ही’ असे लिहिले आहे. आजी तेव्हा झोपली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी आजी गेली. पुढच्या सगळ्या रविवारांच्या नोंदी “चावी दिली, एक” अशाच आहेत आणि दुसरी चावी त्यांनी पुन्हा कधीच दिली नाही. यामागचे कारण वहीत कुठेही लिहिलेले नाही.

प्रतिसाद ४

तिकिटांविषयी थोडे सांगते, कारण वारशाने आलेले संग्रह घाईत खराब झालेले मी पाहिले आहेत. अल्बम आडवे एकावर एक रचू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा. दाबाने आणि दमट हवेने न वापरलेल्या तिकिटांचा गोंद पानाला चिकटतो. तिकीट बोटांनी नव्हे, तर सपाट टोकाच्या चिमट्यानेच उचलावे. स्वस्त प्लॅस्टिकचे मऊ पाकीट काही वर्षांनी चिकट होते आणि तिकिटाचा रंग ओढून घेते, म्हणून ते वापरू नका. लॅमिनेशन तर कधीही करू नका.

माझे आणखी एक मत आहे. संग्रह नातवंडांमध्ये वाटू नका. अल्बममध्ये लावण्याचा जो क्रम आहे, तोच त्या माणसाचा विचार असतो आणि पाने वेगळी झाली की तो नाहीसा होतो.

प्रतिसाद ५

वरच्या सूचना अगदी योग्य आहेत, पण शेवटच्या मताशी मी सहमत नाही. माझ्या काकांचा संग्रह आम्ही ‘अखंड’ ठेवला आणि गेल्या २० वर्षांत तो कोणी उघडलेला नाही. ज्याला ज्या छंदाची ओढ आहे, त्याच्या हाती ती वस्तू गेली तरच तिला पुन्हा हात लागतो.

फोटोंच्या निगेटिव्हबद्दल एक तातडीची गोष्ट सांगतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा पाया विघटित होऊ लागला आहे असे समजावे. ही प्रक्रिया थांबत नाही आणि त्या वाफेने शेजारच्या फिल्मही खराब होतात, म्हणून त्या पट्ट्या लगेच वेगळ्या करा आणि त्यांचे स्कॅनिंग सर्वांत आधी करून घ्या. चांगल्या पट्ट्या कागदी पाकिटात, थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात.

मूळ लेखिका

निगेटिव्हची सूचना वेळेवर मिळाली. तीन डब्यांपैकी एकाला तसाच वास येत होता. त्यातल्या पट्ट्या वेगळ्या केल्या आहेत आणि स्कॅनिंगचे काम थोरल्याने अंगावर घेतले आहे. त्या डब्यात आजोबांचे स्वतःचे छायाचित्र एकही नाही, कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असे. एका फोटोत मात्र आजी खिडकीच्या काचेसमोर उभी आहे आणि काचेत कॅमेरा धरलेल्या माणसाची अस्पष्ट आकृती दिसते. ती मोठी करून घेणार आहोत.

वाटणीबद्दल दोन्ही मते घरात मांडली. शेवटी असे ठरले की तिकिटांचे अल्बम फोडायचे नाहीत, ते धाकटीकडे राहतील आणि पुढची पाने ती लावील. वह्या एकत्रच राहतील, पण प्रत्येक वहीची छायाप्रत सगळ्यांना मिळेल. मीराची वही मी पुढे चालवणार आहे. माझा अंदाज अजूनही त्यांच्या आकड्यापेक्षा बराच चुकतो, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले.

घड्याळावर सर्वांत जास्त चर्चा झाली. ठोके जुळवू नयेत, आजोबांनी थांबवले त्या दहापासूनच ते पुढे वाजू द्यावे, असे मला फार वाटत होते आणि मी तसे सांगितलेही. पण आत्या म्हणाली, “तुझ्या आजोबांनी हिच्यासाठी घड्याळ गप्प केलं, चुकीचं बोलायला नाही लावलं. वाजवणार असाल तर बरोबर वाजवा.” यावर मला काही बोलता आले नाही.

प्रतिसाद २ मधल्या सूचनेप्रमाणे घड्याळ एका जाणकाराकडून साफ करून घेतले. आम्ही विनंती केली होती, म्हणून त्यांनी खाचांचे चाक खुणा करून होते त्याच जागी परत बसवले. काल संध्याकाळी सव्वापाच वाजता सगळे जमलो. थोरल्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला स्टुलावर उभे केले आणि आतली तार दाखवली. त्याने ती सहा वेळा उचलली. आधी बारा, मग एक, दोन, तीन, चार आणि शेवटी पाच, असे सत्तावीस ठोके पडले आणि तेवढा वेळ कोणीही बोलले नाही. मग त्याने स्वतःहूनच पेटीच्या लाकडावर बोट टेकवले. मी त्याला तसे सांगितले नव्हते. त्याच्या बापाला तसे करताना त्याने कधीतरी पाहिले असणार.

सहा वाजता सहा ठोके पडले.

आजोबांची शेवटची वही अर्धी कोरी आहे. त्यातल्या पुढच्या ओळीत मी तारीख घातली आणि “चावी दिली, दोन. ठोके जुळवले” असे लिहिले. ‘सोबत’चा रकाना अरुंद आहे आणि आम्ही आठ जण होतो, म्हणून बारीक अक्षरात तीन ओळी कराव्या लागल्या.